माझ्या लग्नाचे गाऱ्हाणे

रविवार, १२ जानेवारी २०२५, संध्याकाळी ७.१०. देवळातून येऊन प्रसादाचे खोबरे पुढ्यात घेऊन बसलो आहे.

आईने माझ्या लग्नासाठी देवापुढे नारळ ठेवला. गुरवकाकांनी गाऱ्हाणे घातले, "या लेकराला औंदा चांगली बायको मिळू दे रे महाराजा!" सगळे म्हणाले, "होय महाराजा!" शेजारी सुहास होता. सहा वर्षे आम्ही एकमेकांचे आहोत, हे फक्त आम्हा दोघांना माहीत. तोही म्हणाला. मोठ्याने.

वाटेत विचारले, "तू कशाला म्हणालास?"

"गप्प राहिलो असतो तर सगळ्यांनी वळून बघितलं असतं रे."

कोर्टाने आमच्यासारख्यांच्या लग्नाला मान्यता नाकारली तेव्हा चिडलो होतो. कायदा हवाच. पण झाला तरी आमच्या नावाने नारळ कोण ठेवणार? आई?

खोबरे तसेच आहे. आई आतून विचारते, "प्रसाद खाल्लास ना रे?"

होय म्हणालो.