विरजण पडतं की लागतं?

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात). तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा घोरण्याचा रियाज नियमित चालू असेलच. आधीच सांगतो, हे माफीचं पत्र नाही. तुझ्या नव्या घरी मी तोंड पाडून बसलो, तेव्हा चारचौघांत तू म्हणालीस, "हा मेला सगळ्यावर विरजण घालतो." ताई, मी रुसलो नव्हतो, आजारी होतो. माझी उदासी हा आजार आहे आणि मी त्यावर गोळ्या घेतो. ज्याला हसायचं त्याने हसावं, मी घेणारच.

आणि विरजणाचं म्हणशील, तर आता डॉक्टरीणबाईच मला दही खा म्हणतात! झालं असं की, आमच्या छापखान्यात आरोग्याची एक पुस्तिका आली. मुद्रितं अर्थात मीच तपासली. आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंमुळे उदासी कमी होऊ शकते, असं तीत होतं. मी उत्साहाच्या भरात 'होऊ शकते' खोडून 'होते' केलं. (वीस वर्षांत शुद्धलेखन सोडून कशाला हात लावला नव्हता.) डॉक्टरीणबाईंना दाखवायला नेलं, तर त्यांनी माझ्याच लाल पेनाने 'शकते' परत लिहिलं. म्हणाल्या, "संशोधन चालू आहे अजून. दही खा, पण गोळ्या सोडायच्या नाहीत आणि माणसांत राहायचं."

मग मी बरणीत दही लावून बाइंडरच्या टेबलावर ठेवलं, तिथे यंत्राची ऊब असते. शेजारीच त्याची खळीची बरणी. पुढचं तू ओळखलंच असशील. त्याने माझ्या दह्याने चाळीस पुस्तिकांच्या पाठी चिकटवल्या आणि मी तीन चमचे खळ साखर घालून खाल्ली. अख्खा छापखाना पोट धरून हसला. मीही हसलो, ताई, सात महिन्यांनी. ते दह्याच्या आशेने की खळीने, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना. पण मी पुन्हा दही लावणार, बघू कोण अडवतं.

तुझा (कुणावरही काहीही न घालणारा) धाकटा

ता. क. मुद्रितशोधक म्हणून सांगतो: विरजण उत्साहावर पडतं, दुधाला लागतं. वाक्प्रचार जरा जपून वापरत जा.

ता. क. २. माझं विरजण पुस्तिकांच्या पाठीत गेलं आणि दुकानातल्या दह्याचं नीट लागत नाही. तुझ्याकडचं चमचाभर हवं आहे. पाठवू नकोस, सांडेल. स्वतः घेऊन ये. मागे दोनदा येऊन तू बेल वाजवत राहिलीस, तेव्हा मी घरातच होतो. उठवत नव्हतं. या वेळी दार उघडेन. (आधी 'उघडू शकेन' लिहिलं होतं. खोडलं.)