थंड नूडल्स गरम केल्याची हकिगत

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या पाया पडतो (लांबूनच, जवळ आलो तर आशीर्वादाआधी धपाटा बसेल). तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? पत्र लिहीन लिहीन म्हणत पाच महिने गेले. कागद होता, पेन होतं, कोणत्या तोंडाने लिहायचं तेवढं ठरेना. न सांगता घरातून निघालेल्या माणसाने सुरुवात कशी करावी, या विचारात मी चार नोकऱ्या बदलल्या. (त्यातली छत्र्या दुरुस्त करायची बरी होती, पण ते राहू दे.)

सध्या छापखान्याशेजारच्या एका खानावळीत आहे. मालकीणबाई मोजकंच बोलतात, बाकीचं पळीने दाखवतात. महिनाभर भाज्या चिरल्यावर परवा म्हणाल्या, "उद्या थंड नूडल्सचं सॅलड तू एकट्याने कर. जमलं तर राहशील, नाहीतर तुझा रस्ता मोकळा." मावशी, आयुष्यात पहिल्यांदाच मला रस्ता मोकळा नको होता.

मन लावून केलं. नूडल्स उकडल्या, चिकटू नयेत म्हणून गार पाण्यात चोळून धुतल्या, तिळाचं तेल लावलं. गाजर, काकडी, ढोबळी मिरची काडीसारखी चिरली (एक काडी बोटाचीही जाणार होती). वरून सोया सॉस, व्हिनेगर, किसलेलं आलं, चिमूटभर साखर. मालकीणबाईंनी चाखून मान हलवली, पातेलं बर्फात ठेवलं आणि त्या बाजारात गेल्या. इथपर्यंत मी जिंकलो होतो.

मग छापखान्यातली माणसं आली. शाईचे हात धुऊन, दमून बाकांवर बसली. माझ्या हातात थंडगार बशी, आणि हात काही पुढे होईना. काका कितीही उशिरा आले तरी तू त्यांना कधी गार वाढलं नाहीस. भुकेल्या माणसापुढे गार ताट सरकवायचं म्हणजे मला चोरी केल्यासारखं वाटायला लागलं. पातेलं उचललं आणि सरळ शेगडीवर!

काकडीने मान टाकली. नूडल्सचा गोळा झाला. व्हिनेगरच्या वाफेने पहिल्या बाकावरचे तिघे खोकत रस्त्यावर गेले. अकरा बशा परत आल्या. एकट्या बाइंडर आजोबांनी (दातांना गार सोसत नाही) मागून घेऊन दोनदा खाल्लं.

"गरम का केलंस?" मालकीणबाईंनी विचारलं. थाप सुचेना, म्हणून खरं सांगितलं, "आमची मावशी कुणाला गार वाढत नाही." त्या बराच वेळ धुतलेलीच पळी धूत राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या पुन्हा कर. गारच वाढ."

आज वाढलं, डोळे मिटून. एकही बशी परत आली नाही.

तुझा,
भिंगऱ्या

ता. क. खरं काम राहिलंच. नोकरी पक्की करायला घरच्या माणसाची चिठ्ठी लागते, की हा न सांगता पळून जाणारा नाही. हे खोटं आहे हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. तरी लिही. आतापासून ते खरं करतो.

पुन्हा ता. क. चिठ्ठी राहू दे. दुकानोदुकानी विचारत तू स्वतःच येऊन उभी राहिली आहेस. मी भांड्यांच्या फळीमागे बसून लिहितोय, आणि तू मालकीणबाईंना सांगते आहेस, "पळतो हो, पण मागे बघत बघत पळतो." मागच्या दाराने सटकायची सोय नाही, तिथे काका बसलेत. थंड नूडल्सची बशी चाटूनपुसून संपवून "अरे, कुणी वाढणारं आहे का?" म्हणून विचारतायत.

वाढायला येतो.