वजनकाट्यावरची खुर्ची

३० मार्च २००६, पाडवा

ठरलं! शेती बंद. आर्णी रोडवरच्या वजनकाट्यावर उत्तमसिंगला कारकून हवाय. खुर्ची, पंखा, डोक्यावर छप्पर — कपाशीला पंचवीस वर्षं दिली, तिने यातलं एकही दाखवलं नाही. एक मेला रुजू व्हायचं. त्याआधी चार एकर कुणाला तरी वर्षाच्या मक्त्याने द्यायचे. पडीक ठेवायची सोय नाही. गावातला भीमराज वावर पडीक टाकून एकच हंगाम नागपूरला राहिला. परत आला तर शेजाऱ्याचा नांगर धुरा, म्हणजे मधला बांध, ओलांडून दोन हात आत!

७ एप्रिल

गावातल्याच धरमसिंगला विचारलं, वावर घेतोस का? तो हसतच सुटला. "भाऊ, मीच तुह्याकडे येऊन राह्यलो होतो. माहं तू घे नं!"

गावात देणारे अकरा, घेणारा एकही नाही. अख्खं गाव निघायला तयार आणि अख्खं गाव जागच्या जागी!

१४ एप्रिल

भीमजयंतीच्या मिरवणुकीत नाचलो — या वयात! घरी येऊन आईला काट्याचं सांगितलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुह्या आज्याले गाव 'का बे' म्हणून हाक मारे. हे वावर घेतलं, तवा नावानं डोमाजी म्हणाले लागलं."

एवढंच. माझी सगळी टवाळी तिथेच संपली.

२३ एप्रिल

धुऱ्यापलीकडचे वामनराव तयार झाले! पण — "मक्ता नाही देत मी. फुकट असन तं वाहतो. अन् धुरा कायले ठेवाचा मंग? मोडून टाकू. वखर सरळ चालते."

बरोबरच आहे. वखर सरळ चालेल. पण धुरा गेल्यावर माझे चार एकर कुठले, हे कोण सांगणार? नाही म्हणून आलो.

म्हणजे पुन्हा तेच बियाणं, तीच बोंडअळी, तेच आभाळाकडे बघणं. हे मातीवरचं प्रेमबिम नाही. भाषणात कुणी तसं म्हणालं तर त्याला माझ्याकडे तण निंदायला पाठवा! हात सोडला तर खाली काय आहे ते दिसत नाही, म्हणून धरून आहे. बस.

२८ एप्रिल

उत्तमसिंगला नकार कळवायचाय. पाय उचलत नाहीत. बायकोही काही विचारत नाही. लग्नाला वीस वर्षं झाली. जयाची ही शांतता माझ्या ओळखीची नाही.

१ मे

काट्यावर जया रुजू झाली. परवा स्वतःच जाऊन बोलून आली म्हणे. निघताना चपला घालत म्हणाली, "तुमच्या वावराले कोनीतरी पोसलं पाह्यजे नं."