हूक सुटत नाही

दादा,

बूम लिफ्टच्या लांब लोखंडी हाताच्या टोकावरच्या बास्केटमध्ये, सातव्या मजल्याच्या उंचीवर उभा राहून लिहितोय. याच बास्केटने हिसका दिला आणि तू बाहेर फेकला गेलास, त्याला आज तीन आठवडे झाले.

सायकलपासून दाढीपर्यंत सगळं तूच मला शिकवलंस. या कामावर मात्र मी जुना आणि तू नवा. म्हणून मीही तुला एक गोष्ट शिकवली. सेफ्टी बेल्टच्या दोरीचा हूक बास्केटच्या कडीत न लावता आपल्याच बेल्टला लावायचा. वाकायला मोकळं राहतं आणि खालून साहेबाला वाटतं, गडी बांधलेला आहे. "डोकेबाज आहेस रे," म्हणाला होतास.

चौकशीत मी म्हणालो, "दादा कुणाचं ऐकायचा नाही."

तेव्हापासून मी वर आलो की हूक कडीत असतो. मी तो तिथे लावलेला नसतो. काही केल्या निघत नाही. "मीच शिकवलं," असं पुटपुटलं की मग सुटतो.

आज दहादा पुटपुटलो. हूक हलत नाही. भर उन्हात कडी बर्फासारखी गार लागतेय.

खाली वहिनी आलीय, तुझे बूट न्यायला. "यांचा हट्टच नडला," असं मी वर येण्याआधी साहेबाला सांगत होती. आता मान वर करून माझ्याकडे बघतेय.

कळलं मला, दादा. बास्केट खाली घेतो. तिला ऐकू जाईल असं सांगतो.

मग तरी सोडशील ना?

तुझा धाकटा