मंडपातला फितूर

आंदोलन मंडप, नागपूर
९ जानेवारी २०२५

ती. काकाजींस,
हर्षाचा स. जयभीम. वि. वि.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळे चोळू नका असं डॉक्टरांनी सांगितलंय, ते ऐकत असाल. अंकुशदादा माझी पत्रं वाचून दाखवतो, तुमची लिहून देतो, म्हणून मी निर्धास्त आहे. आमचे फोन पोलिसांनी तपासासाठी नेले ते नेलेच. दुसऱ्याच्या फोनवरून बोलायची आता भीती वाटते.

कायम करा म्हटलं म्हणून हिंगण्याच्या कंपनीनं आम्हा ठेक्यावरच्या लोकांना काढलं, तेव्हापासून हा मंडपच आमचं घर. आता रस्ता अडतो म्हणून महापालिकेनं मंडप हटवायची नोटीस लावली आहे. वकील जया मॅडम तिच्याविरुद्ध हायकोर्टात जाणार आहेत.

मागच्या पत्रात कळवलं होतं तसे आम्ही सोमवारी कंपनीच्या गेटवर बसायला गेलो. पाहतो तर पोलिसांची गाडी आधीच उभी, आणि आमच्या जागी कामगार आणणाऱ्या बसगाड्या मागच्या गेटनं आत गेलेल्या. आमच्यातल्याच कोणीतरी सांगितलं. माझा संशय माझ्याच लाइनवरच्या नत्थूभाऊंवर आहे. पोलीस फोन न्यायला आले त्या दिवशी ते नेमके मंडपात नव्हते, त्यामुळे त्यांचा फोन वाचला. तो घेऊन रोज झाडामागे जातात, आणि मी जवळ गेले की बोलणं बंद. काय करू ते सांगा. तुम्ही गिरणीचा संप पाहिला आहे.

कामगार कोर्टात कंपनीतले रुपरावभाऊ आमच्या बाजूनं साक्ष देणार आहेत. हे फक्त ते, मी आणि जया मॅडम एवढ्यांनाच माहीत आहे.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्या.
तुमची हर्षा

उमरेड
१५ जानेवारी २०२५

चि. हर्षा हिस, अ. उ. आ.

पत्र पोचले. प्रकृती ठीक आहे. नत्थूविषयी शंका घेण्याचे कारण नाही, तोच फितूर आहे. गिरणीच्या संपात असे लोक मी पुष्कळ पाहिले. त्यास विचारपूस करीत बसू नये, सर्वांसमक्ष बाहेर काढावे. पुढे काय करणार आहात ते सविस्तर कळवीत जावे, म्हणजे सल्ला देता येईल.

कळावे. लोभ आहेच, तो वाढवावा.
तुझे काका

आंदोलन मंडप, नागपूर
२४ जानेवारी २०२५

ती. काकाजींस,
हर्षाचा स. जयभीम. वि. वि.

तुम्ही सांगितलं तसं केलं. बैठकीत मीच नत्थूभाऊंचं नाव घेतलं. ते उठले. डबा उचलला, चपला शोधल्या आणि गेले. आमच्यातली प्रीती म्हणाली की चोर असता तर भांडला असता. मला तिचाही राग आला.

पण काकाजी, परवा ठेकेदाराची माणसं रुपरावभाऊंच्या घरी पोचली. पोराला कामावर लावतो म्हणाली. रुपरावभाऊंनी साक्ष द्यायला नकार दिला. नत्थूभाऊंना तर या साक्षीचं माहीतच नव्हतं. मग राहिलं कोण? जया मॅडम? कालपासून मी त्यांच्याकडे चोरून बघते आहे, आणि त्या आमच्यासाठी फुकट कोर्टात उभ्या राहतात. मंडपात कोणी कुजबुजलं की माझे कान तिकडे जातात. चहा देणाऱ्याच्या हाताकडेही मी संशयानं बघते.

तुमच्याशिवाय मन मोकळं करावं असं कोणी राहिलं नाही. माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची हर्षा

उमरेड
२८ जानेवारी २०२५

हर्षाताई, हे अक्षर माझं, भूमिकाचं. मामंजी जसं बोलतात तसंच लिहिते आहे.

पोरी हर्षा, तुले लय आशीर्वाद. अंकुश यवतमाळले गेला होता, म्हणून तुह्यं पत्र सुनबाईनं वाचलं. त्यात तू लिहिलं का माह्या सांगण्यावरून नत्थूले काढलं. मी असं सांगितलंच नव्हतं वं. मी म्हटलं होतं का त्याच्यापाशी बसून चहा पे अन् तोंडावर विचार. अंकुशनं भलतंच लिहिलं.

मंग सुनबाई रडाले लागली. तिनं सांगितलं का अंकुश तुह्या पत्राचा फोटो काढून ठेकेदाराले धाडून राहिला होता. कंपनीच्या माणसाईले नेण्याआणण्यासाठी त्याची गाडी लावून देतो असं ठेकेदारानं कबूल केलं हाय. अंकुश आल्यावर मी विचारलं. तो खाली पाहत म्हणे का बाबा, घर मले चालवा लागते. तेव्हापासून त्याच्या हातचं पाणी मले गोड लागत नाही.

नत्थूकडे जाय. पण सुनबाईचं नाव कोणाले सांगू नको. तिले ह्याच घरात राहाचं हाय. हे पत्र ती सोताच पोस्टात टाकते.

माया हाय तशीच हाय.
तुहा काका

आंदोलन मंडप, नागपूर
९ फेब्रुवारी २०२५

ती. काकाजींस,
हर्षाचा स. जयभीम. वि. वि.

हे पत्र तुमच्या शेजारच्या कांताबाईंच्या पत्त्यावर टाकते आहे. त्या तुम्हाला वाचून दाखवतील.

हायकोर्टानं नोटिशीवर स्थगिती दिली. पुढच्या सुनावणीपर्यंत मंडप राहील, मात्र फुटपाथ मोकळा ठेवायचा आणि चूल पेटवायची नाही. आता आम्ही घरून भाकरी आणतो. नोकरीचा दावा कामगार कोर्टात चालूच आहे. रुपरावभाऊ काही साक्षीला परत आले नाहीत.

बैठकीत मी उभी राहून सांगितलं की बातमी माझ्याच पत्रांतून फुटली, नत्थूभाऊ निर्दोष आहेत. नाव कोणाचंच घेतलं नाही. पुष्कळांनी मान फिरवली. जया मॅडमनी मात्र माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

मग मी हुडकेश्वरला नत्थूभाऊंच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं, मनकर्णावहिनींनी, दार उघडलं आणि ते ड्युटीवर गेल्याचं सांगितलं. रोज सकाळी डबा घेऊन निघतात, दुपारी मशीनपासून बाजूला जाऊन न चुकता फोन करतात, असं त्या कौतुकानं सांगत होत्या. काकाजी, काम सुटल्याचं त्यांनी घरी कळूच दिलं नाही. झाडामागचं बोलणं ते हे होतं. आम्ही मंडपातूनही हाकलल्यावर डबा घेऊन ते कुठे बसत असतील, या विचारानं माझे पाय उंबऱ्यातच थांबले.

वहिनींना मी एवढंच म्हटलं की मी नत्थूभाऊंच्याच लाइनवरची आहे. त्यांची जागा कोणी घेतलेली नाही, उद्या नेहमीच्या ठिकाणी यावं, हा निरोप त्यांना द्या.

ते आले. सतरंजीच्या कडेला पाठ करून बसले. माझ्याशी अजून बोलत नाहीत, आणि मीही मागे लागले नाही. दुपारी घोषणा जोरात चालल्या होत्या, तेव्हा त्यांनी खिशातून फोन काढला आणि उठून झाडाकडे निघाले. मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्यांचं बोलणं संपेपर्यंत मंडपात कोणी चकार शब्द काढला नाही.

भूमिकावहिनीला मनातल्या मनात माझा नमस्कार सांगा. तुमचा लोभ मी गृहीत धरते, रागावला असाल तरी.
तुमची हर्षा