बदामी का पिस्ता

आवं,

तुमचं वर्षश्राद्ध झालं. आता घराला रंग लावला तर चालतंय, असं तुमच्या आई म्हणल्या.

कोचीनच्या गलाईच्या दुकानातनं, सोनं आटवता आटवता, तुमी फोनवर हॉलला पिस्ताच लावायचा म्हणून भांडायचा. मी म्हणायची, पिस्ता दवाखान्यागत दिसतोय, बदामी पायजे.

पेंटरनं इचारल्यावर मी बदामी सांगितला. कुणी न्हाई म्हणलंच न्हाई. दोन हात मारून झालेत. बरा दिसतोय.

आज फोटोवाला आलता. हॉलमधी लावायला तुमचा फोटो मोठा करून देतोय. म्हणला, "वैनी, दादांच्या मागं रंग कंचा टाकू? सगळी निळाच घेत्यात."

मी म्हणले, पिस्ता टाक.

तुमची,
वैजयंता