बाजूच्या दाराची खिटी

३ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

आधी खुर्चीत नीट बस. चर्चच्या मोठ्या दाराला तुझ्या भावाने स्वतः घडवलेलं पितळी कुलूप बसवलंय! तीन दिवस उपास, दुकान बंद, फक्त मी आणि माझी कानस. पाळकसाहेबांनी तशी बाजूच्या दाराची घट्ट खिटी तेवढी दुरुस्त करायला सांगितली होती. पण देवासाठी एवढंसंच काम करायचं? मलाच लाज वाटली. ते करीन सवडीने.

आता नऊच्या ठोक्याला मी किल्ली फिरवतो. उशिरा येणाऱ्यांना शिस्त नको? काल कुणीतरी बराच वेळ दार ठोठावत होतं. मी गीताचा आवाज चढवला. रोजच्या प्रार्थनासभांमुळे बाबांकडे जाणं झालेलं नाही.

लोभ आहेच, कौतुकही कर.
तुझा,
खटपट्या

९ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

कुलूप सुरेखच झालं असणार, हात बाबांनी घडवलाय तुझा. पण दार कोण ठोठावत होतं, ते ऐक. बाबा होते.

उजवा हात लुळा पडल्यापासून त्यांना ती खिटी उचलवत नाही. पाळकांनी तुला ते काम सांगितलं ते त्यांच्यासाठीच, शहाण्या! बाजूचं दार उघडेना, म्हणून काठी टेकत मोठ्या दाराशी आले. तीन गीतं होईपर्यंत वाऱ्यात उभे होते. तुझा आवाज त्यांनी ओळखला. आपण आता देवाच्या घरी जायच्या लायकीचे राहिलो नाही, पुन्हा जाणार नाही, असं डाव्या हाताने वेड्यावाकड्या अक्षरांत मला लिहिलंय. खाली विचारलंय, पोराने कुलूप बाहेरून तपासलं होतं का?

पत्र वाचून मी रडले आणि तुझा भयंकर राग आला. उपास पुरे. सांगितलेलं काम कर, आणि त्याआधी बाबांचे पाय धर.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

२४ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

पत्र मिळालं तसाच धावत गेलो. पाय धरून माफी मागितली. बाबांनी चहा पुढे केला, पण चर्चला येण्याचं नाव काढू दिलं नाही. पाय चालत नाहीत, म्हणाले. पाय चालत होते गं, मन मोडलं होतं. ते मी मोडलं.

मोठ्या दाराचं कुलूप उतरवलं. बाजूच्या दाराची खिटी काढून खांद्याने ढकललं तरी उघडेल अशी कळ बसवली. कुलपाचं पितळ कापून त्याची पट्टी केली आणि बाबांच्या खांद्याच्या उंचीवर ठोकली. मग बाहेर उभा राहून, उजवा हात खिशात घालून, वीसदा दार उघडून पाहिलं. बाबांना सांगितलं, बाहेरून तपासलंय. ते नुसतं हुं म्हणाले.

काल उपासना सुरू झाली. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. दाराकडे बघून माझी मान अवघडली. तिसऱ्या गीताला कळ खटकन वाजली आणि बाबा आत! कुणाचाही हात न लागता! पाळकसाहेबांनी गीत पुन्हा पहिल्यापासून धरलं. बाबा माझ्या शेजारी येऊन बसले आणि असे बेसूर, असे दणदणीत गायले की मी गायचं विसरलो. घरी जाताना म्हणाले, पट्टी बोटभर खाली घे.

आज सकाळी घेतली.

माया अशीच राहू दे, आणि गरज पडेल तेव्हा कानही धर.
तुझा,
खटपट्या